कापसाचा नियम

लग्नाच्या पंगतीत जेवण सुरू करायचा 'हर हर महादेव' व्हायच्या आत कुणी बुंदीचा एक दाणा जरी तोंडात टाकला, तरी आमच्या गावात शिट्टी वाजायची. शिट्टी वाजवणारे शाळेचे ड्रिलमास्तर स्वतः पंगतीतच बसलेले असत. पान पुढे, शिट्टी गळ्यात. "चुकीची सुरुवात!" ते बसल्या जागेवरून ओरडत. "पयली ताकीद! दुसऱ्यांदा झालं तं बाद!" बाहेरगावचे पाहुणे दचकून हात मागे घेत. आमच्या गावचे लोक मात्र निवांत असत, कारण त्यांचे हात आधीपासूनच मांडीवर असत. एकदा खुद्द नवरदेवाला ताकीद मिळाली. सासरी पहिल्याच जेवणात शिट्टी खाल्लेला तो जावई पुढे कितीतरी वर्षं आमच्या गावात आला की पाणीसुद्धा इकडेतिकडे बघून प्यायचा.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मेहकरकडची. ही शाळा खामगावच्या रस्त्यावर, खामगावच्या अलीकडे चार मैलांवर. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी माझी पदवी विचारली, इतर शिक्षकांनी माझं गाव विचारलं, आणि ड्रिलमास्तरांनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

"बाई, तुमच्या घड्याळाले सेकंदाचा काटा हाय?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग तुम्ही आजपासून वेळाधिकारी," ते म्हणाले आणि निघून गेले. ते घड्याळ मी बी.एस्सी. झाले म्हणून वडिलांनी घेऊन दिलं होतं. त्याच्या सेकंदकाट्यामुळे आपल्या आयुष्याची दहा वर्षं मैदानावर उन्हात जाणार आहेत, हे तेव्हा मला कळलं असतं तर मी ते पेटीत ठेवून आले असते. आज म्हणते, बरं झालं कळलं नाही.

ड्रिलमास्तरांचं खरं प्रेम धावण्यावर नव्हतं, उडीवर नव्हतं, पोरांवरही थोडं नंतरच होतं. त्यांचं प्रेम नियमांवर होतं, आणि त्यातही बदललेल्या नियमांवर. राज्य नवं, जिल्हा परिषद नवी, त्यामुळे शालेय क्रीडास्पर्धांचे नियमही दर वर्षी नवे होत आणि दिवाळीच्या सुमाराला बुलढाण्याहून सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर येत. दसरा झाला की ड्रिलमास्तर पोस्टमनला रस्त्यात अडवायचे. "कागद आला काय?" बाकीच्या शाळांत तो कागद फायलीत जायचा आणि पुढच्या वर्षीचा आला की त्याच्या खाली दबायचा. आमच्या शाळेत तो प्रार्थनेनंतर उभ्याने वाचला जायचा. वाचून झालं की ड्रिलमास्तर कागदाची घडी घालून टोपीत ठेवायचे आणि म्हणायचे, "नियम बदलला, आपुन बदलाव." एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. ते ऐकताना पोरं हसायची. मीही हसायचे, फक्त तोंडावर पदर घेऊन.

ज्या वर्षी यार्डाचे मीटर झाले, त्या वर्षी त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. शंभर यार्डांची शर्यत शंभर मीटरची झाली. आमचं मैदान मात्र जुन्याच मापाचं. शेवटचे आठ-नऊ मीटर शेजारच्या तुरीच्या शेतात गेले. शेतमालकाची विनवणी करून ड्रिलमास्तरांनी कुंपण काढून घेतलं, आणि आमची पोरं शेवटची फीत तुरीत शिरून तोडू लागली. मीटर मोजायला शाळेत काही नव्हतं. गावात मीटर फक्त कापडाच्या दुकानात होता, लोखंडी, नवाकोरा. दुकानदार म्हणाला, मीटर कुणाच्या हातात देत नाही, मीच येतो. तो आला आणि त्याने दुकानात कापड मोजावं तसं मैदान मोजून दिलं. म्हणजे दर मीटरला अंगठ्याएवढं जास्तीचं सोडून.

"शेटजी, अंगठा काऊन सोडता?" ड्रिलमास्तरांनी विचारलं.

"मास्तर, गिऱ्हाइकाले कमी देल्लं असं माह्या दुकानात कधी झालं नाई," शेटजी म्हणाले. "शायेले तं कमी देऊच शकत नाई."

पुढे दोन वर्षं आमच्या पोरांच्या वेळा इतक्या वाईट यायच्या, की हेडमास्तर मला घड्याळ दुरुस्तीला टाका म्हणायचे. आणि तीच पोरं खामगावला स्पर्धेला गेली की सगळ्यांच्या पुढे. अंगठ्यांचा हिशेब माझ्या लक्षात आला तेव्हा मी ड्रिलमास्तरांना सांगितलं. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मलाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेची माफी मागितली. पोरांना कशाची माफी ते कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग बंदुकीचं वर्ष आलं. कागदात लिहून आलं, की शर्यत यापुढे शिट्टीने सुरू करू नये, पिस्तुलाच्या आवाजाने करावी. पिस्तूल कुठून आणणार? ड्रिलमास्तरांनी पाटलांची शेत राखायची भरमार बंदूक मागून आणली. तिच्यात दारू ठासायला, कापूस कोंबायला आणि पुन्हा ठासायला दहा मिनिटं लागत. एखाद्या पोराने चुकीची सुरुवात केली, की बाकीची पोरं जाऊन बोरं खाऊन येत. पहिला खरा बार उडाला तो नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि पलीकडे गुरांचा बाजार भरलेला. आवाजासरशी गुरांनी दावी तोडली. त्या दिवशीची शंभर मीटरची शर्यत एका तांबड्या गोऱ्ह्याने जिंकली. पोरं तुरीत लपली होती. ड्रिलमास्तर जागचे हलले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, "प्रथम आलेला गोऱ्हा – बाद. स्वतःची पट्टी सोडली." ती वही मी स्वतः पाहिली आहे.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. धाकटे दीर वांगी-मेथीचे वाफे करायचे, त्यात वहिनींचा दिवस जाई. त्यांना या सगळ्याचं काय वाटतं, असं मी एकदा विचारलं. "बाई, आता काय सांगू तुमाले," त्या मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाल्या, "घरात पाटी भरून भाजी आनली अन् दुसऱ्या बाईच्या डोक्यावर देल्ली, तं हे मधात उभे राह्यतात. म्हनतात, रिलेच्या दांडीवानी पाटी रेघेच्या आत द्या. रेघ कुठी हाय, तं त्याहीलेच मालूम!" असं म्हणून त्या खूप हसल्या. नवऱ्याला हसताना त्यांचा चेहरा फार छान दिसायचा.

पण एका वर्षीच्या कागदाबरोबर दुसरा एक कागद आला, आणि तो ड्रिलमास्तरांनी प्रार्थनेनंतर वाचला नाही. त्यात लिहिलं होतं, की शारीरिक शिक्षणाचं पूर्ण सर्टिफिकेट नसलेल्या शिक्षकांना शाळेतून कमी करावं. ड्रिलमास्तरांनी दोन महिन्यांचा उन्हाळी वर्ग तेवढा केला होता. कागदात एकच पळवाट होती. ज्याने भरवलेल्या स्पर्धेबद्दल शाळांचे इन्स्पेक्टर साहेब समाधानाचा शेरा देतील, त्याला सूट. हेडमास्तर चांगले होते. त्यांनी खटपट करून जिल्ह्याची रानातली लांब शर्यत, म्हणजे क्रॉस कंट्री, आमच्या गावाला मिळवली. ड्रिलमास्तरांना बोलावून ते म्हणाले, "एवढी एक शर्यत बिनतक्रार पार पाडा. साहेब इथेच शेरा लिहून देतील. मग तुम्हाला पेन्शनीपर्यंत कुणी हात लावत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला एकटेच बसले होते. मी विचारलं, काळजी वाटते का? "भावाच्या वाफ्यात मले पोटापुरतं भेटन," ते म्हणाले. "पन बाई, सकायी उठून मैदानावर जायाचं नाई, तं मंग उठाचंच कायले?" मी घड्याळाला किल्ली देत बसले.

क्रॉस कंट्रीचे त्या वर्षी तीन नवे नियम होते, आणि ड्रिलमास्तरांनी तिन्ही अक्षरशः पाळायचे ठरवले. पहिला नियम, यजमान शाळेच्या मुलांना मार्ग आधी दाखवू नये. म्हणून त्यांनी आमच्या पोरांना आठवडाभर उलट्या दिशेला पळवलं. दुसरा, मार्गावर ठरावीक अंतराने पांढऱ्या खुणा असाव्यात. आता खुणेला चुन्याची फक्की टाकायची, तर शेतकरी उभ्या पिकात चुना टाकू देईनात, आणि रस्त्यावर टाकलेली फक्की बैलांच्या पायांखाली जाणार. ड्रिलमास्तरांनी त्यावर इलाज शोधला. घरचा कापूस. बाभळीच्या काट्याला कापसाचा पुंजका टोचायचा. पांढरा, स्वच्छ, दिवसभर हलत नाही, कुणाचं नुकसान नाही. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. विज्ञानाची पदवीधर होते मी!

तिसरा नियम, धावणाऱ्यास बाहेरची मदत करू नये. मार्ग खामगावच्या रस्त्याने एक मैल जाऊन नाल्याजवळ डावीकडे शेतवाटेला वळत होता. त्या वळणावर पंच म्हणून चित्रकलेच्या सरांना उभं केलं. हे सर इतके गरीब, की वर्गात फळ्यावरचा कावळा उडून जाईल म्हणून हळू बोलायचे, असं पोरं म्हणत. ड्रिलमास्तरांनी त्यांना बजावलं, "सर, बोलाचं नाई. बोट दाखवाचं नाई. जो मार्ग सोडन, त्याचा नंबर फक्त लिहून घ्याचा." सरांनी चूक नको म्हणून एक हात पाठीमागे धरला आणि दुसऱ्यात पेन्सिल घेतली.

सकाळी आठला पस्तीस पोरं सुटली. बंदुकीने नव्हे, हेडमास्तरांनी हात जोडले म्हणून शिट्टीने. इन्स्पेक्टर साहेब मंडपात बसले. मी शेवटच्या फितीशी घड्याळ धरून उभी राहिले. पाच किलोमीटरला पहिला पोरगा वीस मिनिटांच्या आतबाहेर यायला हवा होता. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. ड्रिलमास्तर टाचा उंचावून शेतवाटेकडे बघत होते. पस्तिसाव्या मिनिटाला एक पोरगा दिसला. गोल, घामाघूम, मेहकरकडच्या कुठल्याशा शाळेचा. सकाळी सुटतानाच सगळ्यांच्या मागे राहिलेला. मंडपातून टाळ्या सुरू झाल्या तसा तो घाबरला. फीत तुटली आणि त्याने भोकाड पसरलं.

"मले माफ करा सर! मी मधात इहिरीवर पानी प्यालो!"

"बाकीचे कुठी हायेत बे?" ड्रिलमास्तरांनी विचारलं.

"ते तं कवाचेच पुढं गेले!"

पुढे म्हणजे कुठे, हे आणखी अर्ध्या तासाने खामगावहून सायकलवर आलेल्या एका माणसाने सांगितलं. "मास्तर, तुमची पोरं जिनिंगात बसून राह्यली नं! चाय पिऊन राह्यली!"

मग सगळा उलगडा झाला. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम, त्यात खामगावचा बाजार. उजाडल्यापासून कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या त्या रस्त्याने जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, जात होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींचे काटे दर गाडीतून कापसाचे पुंजके ओढून घेत होते. दर वर्षी हिवाळाभर तो रस्ता असाच पांढरा असतो. आम्ही सगळे त्या रस्त्याने रोज जात-येत होतो, आणि रोज बघून बघून आम्हाला तो कापूस दिसायचाच बंद झाला होता. पोरांनी मात्र नियमाप्रमाणे पांढऱ्या खुणा धरल्या. खुणा खामगावपर्यंत होत्या, म्हणून पोरं खामगावपर्यंत गेली. एकटा तो गोलमटोल पोरगा तहान लागली म्हणून विहिरीकडे वळला, तिथे त्याला आमचे खरे पुंजके दिसले आणि तो त्यांच्या मागे आला. चित्रकलेचे सर परत आले तेव्हा त्यांच्या कागदावर चौतीस नंबर सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. "मला फार ओरडावंसं वाटलं हो," ते म्हणाले, "पण मदत झाली असती."

पोरं दुपारी रिकाम्या बैलगाड्यांत बसून, डोक्याला कापूस लागलेला, गात गात परत आली. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी होती. जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदार येणाऱ्या गाडीला नंबराची चिठ्ठी द्यायचा. त्याने सवयीने पोरांनाही दिली होती. एक, दोन, तीन, चार, ओळीने. कुठली शाळा, कोण कधी पोचला, सगळं पक्कं. पहिला, दुसरा आणि चौथा आमच्या शाळेचे.

इन्स्पेक्टर साहेबांनी चिठ्ठ्या हातात घेऊन बघितल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. शर्यत फसली असं वर कळवायची त्यांनाही हौस नव्हती. "मास्तर, क्रम तर आहे," ते म्हणाले. "सगळे एकाच मार्गाने धावले. अन्याय कुणावर नाही. हाच निकाल धरा. तुमची शाळा पहिली." मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद अर्धवट बाहेर काढला. "आणि हा शेरा मी लिहूनच आणलाय. फक्त सही राहिलीय."

हेडमास्तर तोंडभर हसले. मी ड्रिलमास्तरांकडे बघत होते. मनातल्या मनात मी त्यांना सांगत होते, हो म्हणा, मास्तर. एकदा तरी हो म्हणा. पोरं पण गाड्यांवरून उतरून जवळ आली होती. ड्रिलमास्तरांनी टोपी काढली, तीतला नियमांचा कागद काढला, उलगडला, आणि त्यांना तो पाठ असूनही सगळा पहिल्यापासून वाचला.

"साहेब, मार्ग सोडला तो बाद," ते शेवटी म्हणाले. "अन् मार्गाची निशानी खोटी निंगाली, तं दोष संयोजकाचा. पयला नंबर ह्या पानी पेनाऱ्या पोराचा. बाकीची पोरं बाद नाईत. त्याहीनं निशानी पाह्यली, निशानीनं गेले. बाद मी हाय."

असं म्हणून त्यांनी कमरेचं लाल निशाण काढलं, हात लांब करून स्वतःच्या छातीसमोर धरलं आणि शिट्टी फुंकली. एरवी हे बघून मी हसून लोळले असते. त्या दिवशी मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मास्तर, या सहीवर तुमची नोकरी आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"तो बी नियमच हाय ना, साहेब," ड्रिलमास्तर म्हणाले. मग त्या गोल पोराला हाताला धरून त्यांनी चौथऱ्यावर उभं केलं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या जागा रिकाम्याच होत्या. पोरगा पुन्हा रडायला लागला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ड्रिलमास्तर नव्हते. नवे सर आले, सर्टिफिकेटवाले. ते भले होते, पण त्यांनी नियमांचा कागद फायलीत लावला. पंगतीत लोक 'हर हर महादेव'च्या आत जेवायला लागले. गावाला कसंतरीच वाटायचं. एका लग्नात म्हातारे पाटील हातातला घास तसाच धरून इकडेतिकडे बघत बसले होते.

त्या दिवाळीला नवा कागद आला. मी तो फायलीतून काढून वाचला आणि तशीच छत्री न घेता उन्हातून मळ्याकडे निघाले. ड्रिलमास्तर वांग्याच्या वाफ्यात दोरी धरून सरी सरळ करत होते. वाफे बरोबर एकेक मीटर रुंद होते, अंगठा न सोडता. मी कागद पुढे केला. त्यांनी धोतराला हात पुसले, टोपी नीट केली आणि सावधान उभं राहून वाचायला सुरुवात केली. चौदाव्या नियमावर त्यांचं बोट थांबलं.

"मार्गावरील खुणांसाठी कापूस वापरू नये."

त्यांनी तो तीनदा वाचला. मग मळ्याच्या दुसऱ्या टोकाला मेथी खुडणाऱ्या वहिनींना त्यांनी एवढ्या मोठ्यांदा हाक मारली, की विहिरीवरचे बैल थांबले. "अवं, इकडं ये! हा नियम पाह्य! हा माहा हाय! जिल्हाभर लागू हाय!" वहिनींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ओल्या बोटाने त्या ओळीला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. ड्रिलमास्तर हसत होते, आणि डोळे पुसत होते, आणि पुन्हा वाचत होते. "बाई," ते मला म्हणाले, "जलमभर दुसऱ्याच्या नियमानं चाललो. आता साऱ्या जिल्ह्याले माह्या नियमानं चालाव लागन." तो कागद मी शाळेला परत केला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी काचेत होता. ते गेल्यावरही वहिनींनी काढला नाही.

माझी नोकरी पुढे वाढत गेली, आणि निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी बुलढाण्याला स्पर्धांचे नियम नव्याने लिहिणाऱ्या समितीत होते. आता मोजायला नव्या फिती होत्या, खुणेला प्लॅस्टिकची निशाणं होती. एक तरुण अधिकारी भराभर जुने नियम खोडत चालले होते. चौदाव्याशी येऊन ते हसले. "मॅडम, हे बघा. मार्गावर कापूस वापरू नये म्हणे! कापसाने कोण मार्ग आखणार? कुण्या खुळ्याने लिहिलंय कोण जाणे. काढून टाकू?"

मी तीस वर्षं शाळेत आणि कचेरीत शुद्ध मराठी बोलत आले होते. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"राहू द्या," मी म्हटलं. "नियम हाय तो. माह्या मास्तरांचा हाय."